धोरणात बसणारा मामा

आमच्या मुलींच्या वसतिगृहात आजारी पडायचं असेल तर आधी बाप हाताशी ठेवावा लागतो. तसं धोरणच आहे. विद्यापीठाची समिती येणार म्हणून आमच्या रेक्टर केतकी मॅडमनी ते फ्लेक्सवर छापून जिन्यात लावलं: ‘आरोग्य व आपत्कालीन धोरण’. खाली हसऱ्या नर्सचं चित्र. नर्स मात्र चित्रातच. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, मुदत संपलेलं मलम आणि मॅडमच्या जिरागोळ्या, आणि पेटीची किल्ली ज्या क्लार्ककडे, तो मेव्हणीच्या लग्नाला गेलेला.

धोरणातलं सगळ्यात जाड अक्षरातलं कलम असं होतं: आजारी मुलीला गेटबाहेर सोडायचं ते फक्त आई, वडील, काका किंवा मामा यांच्याच ताब्यात. आत्या आणि मावशीनं मॅडमचं काय घोडं मारलं होतं, देव जाणे.

माझी रूममेट शिवकन्या शिरड शहापूरची. त्या दिवशी ती सकाळपासून पोट धरून होती. आधी आम्ही मेसच्या वांग्याला शिव्या घातल्या, मग तिला ओवा चारला. दुपारपर्यंत उलट्या करून करून ती पांढरीफटक पडली आणि उजव्या बाजूला बोट लावू देईना. माझ्या चुलतभावाचं अपेंडिक्स असंच फुटलं होतं. तो कसा वाचला ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी मॅडमकडे धावले. “मॅडम, ऑटो बोलावलाय. हिला दवाखान्यात न्यावं लागतंय.”

“पालकांना फोन कर.”

“दहादा केला. हळद शिजवायचे दिवस आहेत. आईबाप शेतात कढईपाशी, फोन घरात चार्जिंगला.”

“मग वाट बघू.”

मला असा संताप आला की तो फ्लेक्स फाडून त्याचीच झोळी करावी आणि शिवकन्येला त्यात घालून न्यावं. पण मॅडमही काही राक्षसीण नव्हत्या. त्यांच्या आधीच्या कॉलेजात कुणी एक ‘काका’ मुलीला दवाखान्यात नेतो म्हणून घेऊन गेला होता, आणि तो काका नव्हताच. मुलगी सापडली, रेक्टरची नोकरी गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळत होतं. पण इथे पोरीचा जीव चालला होता, आणि बाई अजून फुंकतच होत्या.

तेवढ्यात गेटवर सटवाजी दिसला. आमचा वॉचमन. उंदरालासुद्धा पास विचारणारा माणूस. मी त्याला बाजूला घेतलं.

“सटवाजीकाका, हिच्या आईचं माहेर आखाडा बाळापूर. तुम्ही बाळापूरचे. म्हणजे गावनात्यानं तुम्ही हिचे मामा.”

“म्या तर सेनगावकडला हाय, बाई. बाळापुरात फकस्त गाडी बदललीय.”

“बदलली ना? मग झालं.”

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पायरीवर मुटकुळं करून बसलेल्या शिवकन्येकडे. “नौकरी जाईल ना माही,” एवढंच म्हणाला. मग डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि थेट मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

“मॅडम, पोरगी माही भाची हाय. मी घेऊन चाललो.”

मॅडम चाट पडल्या. “भाची? मग आजवर का नाही सांगितलं?”

“ड्युटीवर नातं सांगत न्हाई मी. धोरन.”

मॅडम वळून जिन्यातल्या फ्लेक्सकडे बघू लागल्या. आणि सटवाजीच्या अंगात तोवर मामा पुरता संचारला होता. “काहून उभ्या राहून राहिल्या? सरका की! माह्या बहिनीला काय तोंड दाखवू मी?” असं तो ओरडला, आणि मॅडम सरकल्या. नुसत्या सरकल्या नाहीत, आमच्या मागोमाग ऑटोत येऊन बसल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन, आणखी उशीर केला असता तर फुटलंच असतं. सही कोण करणार? सटवाजीनं केली. नातं विचारलं तर मोठ्यानं सांगितलं, “मामा.” स्ट्रेचरवरून शिवकन्येनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तिला आत नेलं.

घरी शेवटी कुणीतरी फोन उचलला आणि दिवेलागणीला तिची आई आली. गोजरबाई. एकटी कशी येईल? माणूस दवाखान्यात असलं की आमच्याकडे भावकी टेम्पोनं भेटायला येते, न आलेल्याचं नाव पुढची दहा वर्षं निघतं. हळदीच्या टेम्पोतून सगळी मंडळी उतरली, डबे उतरले, एक म्हातारी तर उशी घेऊनच उतरली. गोजरबाईंचे हात कोपरापर्यंत पिवळे. त्या लेकीला बघून बाहेर आल्या आणि बाकावर मटकन बसल्या. ऑपरेशन नीट झालं होतं. त्या रडल्या, मीही रडले.

मॅडमना वाटलं, आता चार शब्द बोलावेत. “बरं झालं, तुमचे भाऊ वेळेवर होते.”

“कोन भाऊ?”

सटवाजी भिंतीला चिकटला. मॅडमचा चेहरा हळूहळू ताठ होत गेला. आणि भावकीतली ती उशीवाली म्हातारी सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी बोलली, “गोजरला भाऊ कुठला? पाची बहिनीच की!”

झालं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मामा उभा केला तोही नेमका ज्या घरात मामाच नाही तिथे. शिवकन्येला मला हेच सांगायचं होतं.

“सटवाजी,” मॅडम म्हणाल्या, “खोटं बोललात तुम्ही? उद्यापासून…”

गोजरबाई उठल्या. सटवाजीसमोर जाऊन त्याला खालून वर न्याहाळलं. त्याच्या खाकी शर्टावर शिवकन्येच्या उलटीचा डाग वाळला होता.

“माह्या लेकीला तूच आनलं?”

“व्हय, ताई. चुकलं असंल तर…”

गोजरबाईंनी त्याचं मनगट धरलं. ते पिवळं झालं. मग त्या मॅडमकडे वळल्या.

“भाऊच हाय माहा.”

“अहो, पण आत्ताच त्या आजी म्हणाल्या की तुम्हाला भाऊ नाही.”

“नव्हता. भाऊबीजेला आमी पाची बहिनी चंद्राला ओवाळायचो. लगीन होऊन लेकरं झाली, तरी मी आजवर चंद्रालाच ओवाळलं, मॅडम. पर त्यो कवा माह्या पोरीला दवाखान्यात घेऊन आला न्हाई.”