तिरकी नळी

डॉक्टरांनी सलाइनची नळी गाडीच्या टाकीत खुपसली, दुसरं टोक रुमालात गुंडाळून तोंडात धरलं आणि ओढलं. काही आलं नाही.

"अगदी साधं शास्त्र आहे हे," ते म्हणाले.

पाजळा अक्कल, असं ड्रायव्हर गाडीला टेकून मनात म्हणाला. सकाळच्या वादळात वीज गेलेली, रस्ताभर झाडं आडवी, दवाखान्याचा जनरेटर कोरडा ठणठणीत. आत काचपेटीत सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर गार पडत चाललेलं. जनरेटरला डिझेल भरा म्हणून सिस्टर महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. साहेबांनी गाडीच्या सीटना नवी कव्हरं घातली. आणि हाच माणूस बाळंतिणींना निष्काळजी म्हणून झापणार! नाकाने कांदे सोलतोय लेकाचा.

सिस्टर धावत आली.

"साहेब, त्याचे पाय निळे पडायला लागलेत."

डॉक्टरांनी नळी आणखी रेटली. ती टाकीच्या तोंडाशी असलेल्या जाळीला अडून दुमडली. ही नळी जन्मात आत जायची नाही, हे ड्रायव्हरला ठाऊक होतं. कुठली जाईल, तेही ठाऊक होतं. त्याचा हात सीटखाली गेला आणि रिकामाच बाहेर आला. बारा वर्षांची नोकरी, घरी दोन लेकी शिकणाऱ्या. साहेबांना शिव्या घालणं सोपं होतं. आता त्याला स्वतःचीच किळस आली.

त्याने सीटखालची नळी काढली. एक टोक तिरकं कापलेलं, दुसऱ्यावर दातांचे वण. डॉक्टरांना बाजूला सारून त्याने ती पिळत पिळत जाळीपलीकडे घातली, एकदाच ओढलं आणि थुंकला. कॅन भरू लागला.

थोड्या वेळात जनरेटर धडधडला. बाळाचे आजोबा हात जोडत बाहेर आले.

"अहो, माझ्या गाडीतलं डिझेल काढलं तुमच्यासाठी," डॉक्टर म्हणाले.

आजोबा डोळे पुसत आत गेले. डॉक्टर दातांच्या वणांकडे बघत होते.

"किती वर्षं चोरतोयस डिझेल?"

"दहा तरी."

"उद्यापासून येऊ नकोस." मग जरा थांबून, "नळी ठेवून जा."

ड्रायव्हरने नळी बॉनेटवर ठेवली, शेजारी किल्ली ठेवली.

"घ्या साहेब. पण ओढायला सरावाचं तोंड लागतं. कॅन दोन तासांत संपेल. मी फाटकाशी बसलोय."