आपलं आपल्यात

विद्याधर आणि अलका या जोडप्याला बेंगळुरूत कुठल्याच सुरक्षेची काळजी नव्हती, कारण त्यांना मराठी येत होतं. बँकेत, दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडावर दोघं खुशाल मराठीत खलबतं करत आणि समोरच्याकडे बघून गोड हसत. होसकोटेला पंपांचा कारखाना, जे. पी. नगरला ऑफिस, धंदा जोरात. मग पद्धत बदलायची कशाला?

देवश्री पुण्याहून नोकरीसाठी आली होती. ती सोडून तिने कंपन्यांना सायबर सुरक्षा शिकवण्याचा स्वतःचा उद्योग काढला, आणि हे तिचं पहिलं मोठं काम. पंप घेणाऱ्या एका बड्या कंपनीची अट होती : मालकांनी आधी माहितीच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं, आमचा माणूस बसून बघेल, मगच ऑर्डर. इथे नाव झालं तर देवश्रीला पुढची कामं मिळणार होती. खराब झालं तर ते सगळीकडे पोचवायला मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप समर्थ होता, आणि त्याचे अ‍ॅडमिन विद्याधरकाका होते.

तो बघणारा माणूस म्हणजे नरसिंहराव. कडक इस्त्रीचा शर्ट, इंग्रजी मोजकं, चेहरा बंद दुकानासारखा.

चुकीच्या माणसाला मेल गेला तर काय करायचं, हे देवश्री इंग्रजीत समजावत होती. विद्याधरकाका हसतमुखाने मराठीत म्हणाले, "देवश्री, आमचंही गेल्या महिन्यात असंच झालंय, ते याच्यासमोर निघू देऊ नकोस हं."

"काय झालं गेल्या महिन्यात?"

अलकाकाकूंनी हसू ढळू न देता सांगितलं. कामगारांच्या आरोग्य तपासणीचे रिपोर्ट त्यांच्या हातून सगळ्या ठेकेदारांना गेले होते. पिराजी नावाच्या वेल्डरला फिट येतात, हे त्यातून फुटलं. त्याच्या ठेकेदाराने त्याला घरी बसवलं. "वाईट वाटतं गं. पण आता ऑर्डरच्या तोंडावर कशाला ते?"

देवश्रीला चीड आली. माणसाची भाकरी गेली होती आणि हे दोघं फोटो काढून घेतल्यासारखे हसत होते. नरसिंहराव खिडकीबाहेर बघत होते.

मधल्या सुट्टीत ती कॉफी ओतून घेत असताना ते शेजारी येऊन उभे राहिले. "मला साखर स्वल्पच घाला," ते म्हणाले. मराठीत.

देवश्रीची कॉफी बशीत सांडली. "तुम्ही मराठी?"

"पिढ्या गेल्या की आमच्या इथं. घरी मराठीच, कानडी मिसळून."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुठं त्यांनी? माझं नाव ऐकलं आणि ठरवून टाकलं." त्यांनी शांतपणे घोट घेतला. "तुम्हीपण सांगू नका. ऐकणं हेच माझं काम आहे. सरी? बरं का?"

देवश्रीने मान हलवली, आणि लगेच तिला पस्तावा झाला. पण विश्वासाने सांगितलेली गोष्ट परवानगीशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही, हे ती सकाळपासून घसा फोडून शिकवत होती. ते आता तिलाच पाळावं लागणार होतं.

तरी सुट्टीनंतर तिने आडून सुचवून पाहिलं. कुठल्याही भाषेत असो, बाहेरच्या माणसासमोर आतलं बोलू नये, असं ती दोनदा म्हणाली.

"अगदी बरोबर," काका मराठीत म्हणाले. "म्हणून तर आपण मराठीत बोलतो."

शेवटी सह्यांची वेळ आली. वर्षभरात माहिती फुटल्याची एकही घटना नाही, असं काकांनी लिहून दिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "तू कर सही. याला काय कळतंय."

"काका, पिराजीचं लिहा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

"अगं, आपलं आपल्यात असू दे ते."

तेव्हा नरसिंहरावांनी इंग्रजीत सांगितलं की, होसकोटेच्या रिपोर्टांचं यात यायला हवं. आणि पिराजीला कामावर परत कधी घेणार, हेही.

काका-काकूंचं हसू जागच्या जागी थिजलं.

"हीच फुटली," काकू मराठीत म्हणाल्या. "सुट्टीत त्याच्याशी कुजबुजत होती. मी बघितलं ना."

"आपली पोर म्हणून काम दिलं." काकांनी फोन हातात घेतला. "ग्रुपवर टाकतो आत्ताच. पुन्हा कोणी हिला दारात उभं करायला नको."

देवश्रीचे कान तापले. एका वाक्यात ती सुटली असती. तिने ओठ घट्ट मिटले आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला घेतली.

नरसिंहराव बॅग घेऊन दारापर्यंत गेले होते. तिथे ते थांबले. थोडा वेळ त्यांनी दाराची कडी बघितली, मग परत आले आणि खुर्ची ओढून बसले.

"अलकाअक्का," ते मराठीत म्हणाले, "त्यांनी काही सांगितलं नाही. सगळं तुम्हीच सांगितलं की, सकाळपासून."

काकांनी फोन खाली ठेवला. ते काकूंकडे वळले, काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि आता ते कुठल्या भाषेत बोलायचं हे त्यांना सुचेना.