नथ्थूची कुंची

“सकाळपासून कणीक तशीच पडली, अन् ही बाई फुलं दाबत बसली!” शेवंताबाई शेजारणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

सुनेने मान वर केली नाही. लाकडी ठसा पाटावर उताणा ठेवून कुंदाने त्यावर शिवून झालेल्या कुंचीची ओलसर मखमल पालथी घातली, निखाऱ्यांनी भरलेला पितळी तांब्या फडक्याने धरून वर टेकवला आणि श्वास रोखला. तांब्या जरा घसरला तर फूल फिसकटायचं. तिने कापड उलटलं. दबलेल्या लवीत आणखी एक कमळ उमटलं होतं.

ठसा फैजपूरचा, तिच्या माहेरच्या रंगाऱ्याने टाकून दिलेला. मखमल शेवंताबाईच्या जुन्या चोळीची. कुंदाची आधीची दोन्ही मुलं पाळण्यातच गेली. म्हणून या तिसऱ्याचं नाक टोचलं, नाव नथ्थू ठेवलं, आणि कुणाची नजर जाऊ नये म्हणून अंगाला नवं कापड लावायचं नाही, असं सासूनेच ठरवलं होतं.

“जुनं घाल म्हनलं व्हतं. जुन्याचं नवं कर असं कोन्ही सांगितलं तुले?”

“जुनंच हाये ना, आत्याबाई.”

“गावची पोरं कंट्रोलच्या दुकानातल्या जाड्याभरड्या मांजरपाटात फिरू राहिली. उद्या याले देवीपुढे नेलं का झाडून बठ्ठ्या बाया याच्याकडेच पाहतीन.”

“पाहू द्या.”

शेवंताबाईने कुंची हिसकावली आणि दाराच्या उजेडात धरली. एकेक कमळ बोटाने चाचपलं. वाकडं? नाही. पुसट? तेही नाही. कुंची पाटावर आदळून तिने पुन्हा उचलली, पुन्हा पाहिली. एकही चूक सापडेना तशी तिची मुद्रा अधिकच आंबट झाली.

मग तिने तांब्यातले निखारे फुंकून लाल केले आणि कुंचीच्या कपाळावर येणाऱ्या सगळ्यांत सुरेख कमळावर तांब्या दाबून घासला. जळका वास सुटला.

“आत्याबाई!”

बोराएवढा काळा डाग. कुंदाचे डोळे भरून आले. शेवंताबाईने कुंची गार होऊ दिली, नथ्थूला मांडीवर घेतलं, हनुवटीखाली बंद बांधले. डाग बरोबर कपाळाच्या कडेला आला होता, काजळाच्या तिटेच्या जरा वर.

“रडू नको,” ती म्हणाली. “एक तरी फूल बिघडवायचं व्हतं तू. तेबी मलेच करा लागलं.”