लांबून बांधलेलं घर

मगाकचं बूड एका जागी टिकत नसे. समुद्रकाठी, किलिफीच्या त्या पाहुणघरात सकाळी तो आंब्याखालच्या टेबलाशी बसे, ऊन चढलं की झावळ्यांच्या छपराखाली, आणि दुपारनंतर खाडीकडे तोंड करून कठड्याशी. लॅपटॉप काखेत, चार्जरची वायर मागे शेपटीसारखी लोळत. चहा घेऊन येणारी बाई आधी त्याला शोधत फिरे आणि सापडला की म्हणे, "साहेब, चहा निवला. तुम्ही बसायचं कुठं ते ठरवा, मग उकळते."

काम करता करता जग बघायचं, असं त्यानं ठरवलं होतं, आणि ते तो मन लावून करत होता. लामू झालं, दियानी झालं, नैवाशाच्या थंडीत एक मोसम झाला. नव्या जागी पहिले काही दिवस वाटे, हीच ती. मग उशी टोचायला लागे, शेजारच्याचं हसणं खुपायला लागे आणि बॅग पलंगाखालून बाहेर येई. पोटापाण्याचं काम म्हणाल तर परदेशातल्या एका कंपनीसाठी तो प्रवाशांच्या तक्रारी निस्तरत असे. फोटोत पलंग मोठा होता, इथं लहान आहे. समुद्र दिसेल म्हणालात, इथून नुसती भिंत दिसते. मगाक गोड शब्दांत माफी मागे आणि त्यांना दुसरी खोली मिळवून देई. माफी मागण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

घर होमा बे शहराच्या पुढे, सरोवराकाठी. तिथं आई होती आणि धाकटा भाऊ ओदुओर. वडील गेल्यापासून मोठेपणा रादिंगकाकांकडे. थोरल्या मुलाची सिंबा, म्हणजे त्याची स्वतःची झोपडी, फाटकापाशी उभी राहिल्याशिवाय धाकट्याला स्वतःच्या घराचा खांब रोवता येत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओदुओर बिचारा कधीचा थांबला होता. अलो नावाची दवाखान्यातली नर्स त्याच्यासाठी थांबली होती. आता तिला दूरच्या गावी बदली मिळत होती आणि तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "बाजारातल्या भाड्याच्या खोलीत मी नांदणार नाही. तुझ्या दारात येईन, नाहीतर शुक्रवारी जाईन."

मगाकची सबब एकच, आणि ती भक्कम होती. गावाला नेटवर्क नाही. मग टेकडीवर मनोरा उभा राहिला. ओदुओरनं त्याचा फोटो पाठवला, खाली एक शब्दही लिहिला नाही. तेव्हा मगाकनं दुसरी तोड काढली. घर लांबूनच बांधलं. गवंडी फोनवर, पत्रे फोनवर, निळ्या दाराचा रंग फोनवर. ओदुओर मोबाइल धरून जागा दाखवी आणि मगाक बोट दाखवी, "सरोवर डावीकडे आहे ना, मग खिडकी डावीकडच्या भिंतीत." झालं. घर उभं राहिलं. मगाकनं त्याचा फोटो पाहुणघरात सगळ्यांना दाखवला.

रविवारी घरच्यांचा फोन आला. पडद्यावर काकांचं कपाळ आणि टोपीची कड एवढंच दिसत होतं.

"घर बघितलं," काका म्हणाले. "भिंती सरळ आहेत. मालक कुठाय?"

"मालक कामात आहे, काका."

"मागं समुद्र दिसतोय."

"समुद्र मागं आहे, काका. माझं तोंड कामाकडं आहे."

"बरं. मग ये आणि झोप."

"डिसेंबरला येतोच आहे. तोवर ओदुओरला खांब रोवू द्या. घर तर झालं ना माझं."

"मालक झोपला नाही तोवर ते घर नाही. गोठा आहे. शेळ्या बांधू?"

"दादा, एका रात्रीचं काम आहे," ओदुओर मागून हळूच म्हणाला.

मगाकला एकदम सुचलं. सुचायला नको होतं, पण त्याचं डोकं दिवसभर तोडगे काढण्यात तयार झालेलं. "असं करा. माझा जुना कोट आईकडे आहे. तो पलंगावर पसरा, फोन उशीला टेकवून ठेवा. मी रात्रभर लाइनवर राहतो. कंपनी माझं सगळं काम लांबून धरते, तुम्ही एक झोप धरा."

शेजारच्या टेबलावरची नेकेसा फसकन हसली. तीही नैरोबीहून लॅपटॉप घेऊन आलेली. लोकांचे हिशेब तपासायची आणि मगाकचं बोलणं ऐकायची. पण फोनच्या पलीकडे कोणी हसलं नाही. काकांचं कपाळ बाजूला झालं. आई बारकी मासळी निवडत बसली होती. तिनं ओल्या हातानंच फोन घेतला.

"मगाक."

"बोल, आई."

"शेजारच्या अबिदाचा नवरा पाण्यात गेला आणि सापडला नाही. तू लहान होतास."

"आठवतंय."

"त्याच्या जागी काय पुरलं?"

 यागोच्या झाडाचं लांबट, जड फळ कापडात गुंडाळून पुरलं होतं. तो स्वतः त्या रांगेत चालला होता.

"यागोचं फळ."

"का?"

"माणूस परत येणार नव्हता म्हणून."

"मग तू धडधाकट असताना तुझ्या अंथरुणात तुझ्या जागी काय ठेवू म्हणतोस?"

ती रागावली असती तर त्याला जमलं असतं. रागावलेल्या माणसांवरच तर त्याचं पोट होतं. तिनं फोन ओदुओरकडे दिला. पडद्यावर एक नवाकोरा पत्रा चमकला आणि मग तोही गेला.

त्या दुपारी मगाकनं आईला माफी लिहायला घेतली आणि खोडली. कठड्यावरून आंब्याखाली गेला, आंब्याखालून छपराखाली. एका प्रवाशिणीला चुकून दुसऱ्याच देशातली खोली दिली. ती चूक निस्तरताना कपाळाला घाम आला.

"आज टेबलांना दमवलंस तू," नेकेसा म्हणाली. "जा की गावाला. एका रात्रीचं तर आहे."

"एका रात्रीचं नसतं ते."

"मग?"

"एकदा तिथं झोपलो की मी तिथला झालो. छप्पर गळलं, मगाक. आईला ताप आला, मगाक. गाय कुणाच्या शेतात शिरली, बोलवा मगाकला."

"आत्ता कुणाला बोलावतात?"

"ओदुओरला."

नेकेसानं मान खाली घालून आपले आकडे पुढे चालू केले. 

बुधवारी ओदुओरचा निरोप आला. "अलोनं सामान बांधलंय. तुला बोल नाही, दादा. घर छान झालंय." त्या शेवटच्या तीन शब्दांनी मगाकची बॅग पलंगाखालून काढली. बाकी वेळी ती निघाली की त्याला हलकं वाटे. आज तिची चेन लागेना.

प्रवास लांबचा. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून त्यानं पलंगांच्या माफ्या मागितल्या. एक बाई लिहीत होती, ही खोली फोटोतल्यासारखी नाही. त्यानं लिहिलं, तुमची निराशा मी समजू शकतो. रोजच लिहायचा, आज लिहिल्यावर खिडकीबाहेर बघत बसला.

गुरुवारी दिवेलागणीला तो पोचला. निळं दार फोटोतल्यासारखंच होतं. आत गेला आणि खिडकी उघडली. समोर काकांचा गोठा. एक गाय त्याच्याकडे बघून रवंथ करत होती. सरोवर पाठीमागे, सपाट भिंतीपलीकडे.

"तू समोरच्या कॅमेऱ्यातून दाखवत होतास," मगाक म्हणाला. "त्यात माझं डावं ते तुझं उजवं."

"मला वाटलं तुला गाय आवडते," ओदुओर म्हणाला.

"विचारायचं तरी."

"तू थोरला. तू सांगितलंस, आम्ही केलं."

आईनं मासळी आणि मक्याची गरम उकड वाढली. कोटाचा विषय तिनं काढला नाही. किती दिवस राहणार, हेही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: सकाळी दहाची गाडी, मोटरसायकलवाला फाटकाशी येणार, शनिवारी नव्या जागेची खोली घेतलेली.

सकाळी काका काठी टेकत आले तेव्हा मगाक दारातच बसला होता, डोळे लालबुंद.

"पाठ टेकली?" काकांनी विचारलं.

मागं ओदुओर पहार घेऊन उभा होता. इतका निश्चल, की बघवेना. मगाकला होय म्हणून सुटता आलं असतं.

"टेकली. पण डोळ्याला डोळा लागला नाही, काका. रात्रभर ती गाय."

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "झोपेचं आपल्यात काही नाही. पाठीचं आहे." मग मागं वळून म्हणाले, "रोव रे."

ओदुओरनं पहार जमिनीत अशी घातली, जणू इतके दिवस ती हवेतच उचलून धरली होती. खड्डा झाला. बाहेर मोटरसायकल आली, हॉर्न वाजला. मगाकनं बॅग खांद्याला लावली.

"दादा, एवढा खांब धर. एकट्याला जमत नाही."

मगाकनं बॅग खाली ठेवली आणि खांब धरला.

"किती वेळ?"

"माती बसेपर्यंत. हलू नको. हललास तर कायमचा वाकडा."

खिशातला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मगाकचे दोन्ही हात खांबाला होते. पाठीत ऊन उतरलं, नाकावर माशी बसली, डावा पाय सवयीनं उचलू पाहत होता. त्यानं तो दाबून ठेवला. हॉर्न पुन्हा वाजला.

रस्त्यावर, फाटकाच्या बाहेर, अलो उभी होती. पायाशी बांधलेलं सामान. ओदुओरचं घर उभं राहीपर्यंत आत यायची तिला सोय नव्हती. मान तिरकी करून ती म्हणाली, "डावीकडं कललाय."

"कुणाच्या डावीकडं?" मगाकनं विचारलं.

"माझ्या."

त्यानं खांब सावकाश तिच्या उजवीकडे ओढला. ती बघत राहिली, मग आपल्या सामानावर बसली. "आता बरोबर. तसाच राहू दे." ओदुओर टाचेनं माती दाबू लागला. फाटकाबाहेर मोटरसायकलवाल्यानं इंजिन बंद केलं.