जांगडीवर आणलेला पाचू

"या हातांखालून गावातले निम्मे जबडे गेलेत. भेग दातात असो नाहीतर दगडात, माझ्यापासून लपायची नाही," असं म्हणत कवळीकरांनी जवाहिऱ्याचं भिंग डोळ्याला लावलं, पाचू दिव्यासमोर धरला आणि निकाल देऊन टाकला. "ही बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेलीय. असला माल आम्हाला दाखवता?"

जवाहिऱ्याने भिंग परत घेतलं, शर्टाच्या टोकाने पुसलं आणि त्यावर चिकटलेला केस काउंटरवर ठेवला. केस पांढरा होता. कवळीकरांच्या भुवईचा असावा.

"आता बघा, साहेब."

आता कवळीकरांना काहीच दिसेना. "हां, स्वच्छ आहे," ते म्हणाले. "एकदम निर्मळ."

"मधे आडवी भेग आहे," त्यांची बायको म्हणाली. ती दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर पाय मोकळे करून बसली होती आणि तिने चष्माही लावलेला नव्हता.

"आहे," जवाहिऱ्या म्हणाला. "वहिनींची नजर चांगली आहे. पण पाचू म्हटला की भेग आलीच. बिनभेगेचा पाहिजे असेल तर काचेचा घ्या."

कवळीकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते कवळ्या बनवायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर यायचं. माणूस कामाला चोख, तोंडाने गोड, फक्त एक दुखणं होतं. काही ठरवायची वेळ आली की त्यांना दातखीळ बसायची. घराचं दार अर्धं निळं आणि अर्धं करडं होतं, कारण कोणता रंग द्यायचा ते बघायला म्हणून दोन्ही लावून ठेवले होते आणि पोरगी लग्न होऊन गेली तरी बघणं चालूच होतं. झोपायच्या खोलीला पडदा म्हणून जुनी चादर. पडद्याच्या कापडाचे नमुने मात्र पोतंभर.

त्यात बायकोचं बोट सुजलं. लग्नातली अंगठी निघेना, तेव्हा कवळीकरांनीच ती कवळ्या कापायच्या चकतीने कापून काढली आणि म्हणाले, "काळजी करू नकोस, आठवड्यात नवी करून देतो." मग नुसती सोन्याची नको, खडा बसवू, असं त्यांच्या डोक्यात आलं. मग कोणता खडा? तिथून पुढे हिवाळा गेला, उन्हाळा गेला.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची. दिवसभर हात लोकांच्या नजरेसमोर, मंगळसूत्र दुकानाच्या कोटाआड. अंगठीच्या जागी बोटावर पांढरा वळ राहिला होता. गिऱ्हाईक आधी वळ बघायचं, मग तिच्याकडे बघायचं, मग आवाज खाली आणून विचारायचं, "साहेब कधी गेले?"

"गेले नाहीत," ती खोकल्याची बाटली पिशवीत घालत म्हणायची. "ठरवतायत."

पहिल्यांदा हे बोलली तेव्हा तिला हसू आलं होतं. आता यायचं नाही.

म्हणून त्या दिवशी दुकानात तिने स्वतःच तोंड उघडलं. "मला हा आवडलाय. भेगेसकट. बांधा."

जवाहिऱ्याने डबी उचललीही. पण कवळीकरांनी हात आडवा घातला. "अगं थांब. घाई कसली? एवढी मोठी वस्तू, चार जणांना दाखवायला नको?" आणि त्यांनी पाचू जांगडीवर मागितला; म्हणजे घरी न्यायचा, बघायचा, पसंत पडला तर शनिवारी पैसे द्यायचे, नाहीतर खडा जसाच्या तसा परत.

"जसाच्या तसा," जवाहिऱ्या दोनदा म्हणाला.

बायको स्टुलावरून उठली. तिला उठायला जरा वेळच लागला.

चार जणांत पहिला मान कवळीकरांच्या थोरल्या बहिणीचा. तिने आयुष्यात एकदाच एक वस्तू पसंत केली होती, आणि तो नवरा पुढे निघून गेला. तिने पाचू तळहातावर घेतला आणि नाक मुरडलं.

"अरे, तुटका कप आपण पाहुण्यांपुढे ठेवत नाही. बायकोच्या बोटात तुटका दगड घालणार?"

"तुटका नाही, ताई. भेग आहे," बायको म्हणाली.

"आज भेग आहे, उद्या तुटका. आणि लोक काय म्हणतील?"

"लोक मला विधवा म्हणतात, ताई. त्याहून काय वाईट म्हणणार?"

यावर नणंदेने आपला चहा संपवला. कवळीकर मात्र विचारात पडले. ताईचंही बरोबर होतं आणि बायकोचंही, आणि दोन माणसांचं बरोबर असलं की तिसऱ्याने काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. जेवताना पाचू पाण्याच्या पेल्याशेजारी. झोपताना उशाशी. मधेच बायकोला हलवून, "अगं, तुला खरंच आवडलाय ना, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"मी झोपलेय," ती म्हणायची.

शेवटी शुक्रवारी कवळीकरांना एक शास्त्रीय विचार सुचला. भेग भेग म्हणतात, ती भेग कशावरून? कीट असेल. कवळीवर चहातंबाखूचा डाग बसला की तोही भेगेसारखाच दिसतो. त्यांच्या कामाच्या खोलीत कवळ्या धुवायचं यंत्र होतं. पाण्याची छोटी टाकी, बटण दाबलं की डासासारखी गुणगुणायची आणि वर्षानुवर्षांची घाण आपोआप सुटायची. कवळीकरांनी त्यात गरम पाणी आणि साबण घातला, पाचू हलकेच सोडला, बटण दाबलं आणि समाधानाने वर्तमानपत्र उघडलं.

पाण्यावर तेलाचा तवंग आला तेव्हा त्यांना वाटलं, बघा, निघाली घाण.

पाचू बाहेर काढला. जी भेग बघायला बायकोची नजर लागत होती, ती आता दारातून दिसत होती. आडवी, पांढरी, आणि तिला इकडेतिकडे फाटे फुटलेले. कवळीकर खुर्चीत बसले. मग उठून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन आले आणि पाचूला चोळायला लागले. भेग पिवळी झाली. ते अजून चोळत होते तेव्हा बायको कामावरून आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली.

"काय करताय?"

"मालिश," कवळीकर म्हणाले. दुसरा शब्द त्यांना आठवला नाही.

तिने पाचू हातात घेतला, झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नेला, चादर बाजूला सारली. बराच वेळ बघत राहिली. कवळीकर मागोमाग येऊन तिच्या पाठीकडे बघत होते. आता ही ओरडेल, असं त्यांना वाटत होतं, आणि ओरडली असती तर बरंही वाटलं असतं.

"जसाच्या तसा राहिला नाही," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे परत करता येणार नाही."

"नाही."

"मग झालं," ती म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली. "घेतला." एवढं बोलून ती बिछान्यावर आडवी झाली आणि पायात चपला तशाच ठेवून झोपून गेली. घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदा काहीतरी ठरलं होतं. कवळीकरांना धडपणे अपराधीही वाटेना.

शनिवारी दोघं दुकानात गेले. जवाहिऱ्याने पाचू बघितला, मग कवळीकरांकडे बघितलं, मग परत पाचूकडे.

"धुतलात?"

"थोडासा."

"साहेब, पाचूच्या भेगेत तेल भरलेलं असतं. त्यानेच ती झाकलेली राहते."

"मग सांगायचं नाही का आधी?"

"तुम्ही म्हणालात भेग तुमच्यापासून लपत नाही. मी म्हटलं, यांना काय शिकवायचं." त्याने पैसे घेतले, पावती दिली आणि पाचू लांबूनच पुढे सरकवला. "अंगठीत मात्र मी बसवणार नाही. असल्या खड्याला हात लावायचा नाही, असा माझ्या बापाचा नियम आहे."

"तुमच्या वडिलांना कुणी गिऱ्हाईक भेटलं होतं का असं?" बायकोने विचारलं.

"म्हणूनच नियम केला, वहिनी."

आता दुसरा कारागीर शोधायचा म्हणजे चौकशा आल्या, चौकशा आल्या म्हणजे ताई आली. बायकोने रस्त्यातच थांबून नवऱ्याला विचारलं, "तुम्ही बसवाल?"

"एवढे दात बसवले," कवळीकर म्हणाले. त्यांच्या आवाजात परत जोर आला होता. "हा एक काय."

"दात तुटला तर तुम्ही नवा देता."

"तुटायचा नाही."

तिला हे पटलं नाही. पण नाही म्हणायला जेवढा दम लागतो तेवढाही तिच्यात उरला नव्हता.

संध्याकाळी कवळीकरांनी जुनं सोनं वितळवून अंगठी ओतली. ते काम मात्र त्यांनी खरोखर सुरेख केलं. बायकोनेही अंगठी फिरवून फिरवून बघितली आणि पहिल्यांदा खुर्ची जवळ ओढून बसली. टेबलावर निवृत्त मुख्याध्यापकांच्या कवळीचा साचा उघडा होता, गुलाबी लगदा भरून शिजवायला तयार. कवळीकरांनी तो कोपराने बाजूला सारला, पाचू कोंदणात ठेवला आणि सोन्याच्या चार नख्या एकेक करून दाबायला घेतल्या. पहिली बसली. दुसरी बसली.

"अहो, हळू."

"हळूच चाललंय."

तिसरी दाबताना टक् असा आवाज झाला. पाचू भेगेतून दुभंगला. मोठा तुकडा नख्यांत राहिला, लहान उडाला.

दोघांनी टेबल सरकवलं, जमीन झाडली, कवळीकरांनी लोहचुंबकसुद्धा फिरवून बघितलं. तुकडा सापडला नाही. कवळीकर गुडघ्यावर तसेच बसून राहिले. "मी तुला दुसरा—" त्यांनी सुरुवात केली.

"नको," बायको म्हणाली. तिने टेबलावरची अंगठी उचलली, उरलेल्या तुकड्यावर चौथी नखी स्वतःच्या नखाने दाबली आणि अंगठी बोटात घातली. वळ झाकला गेला. खडा एका बाजूला कलंडलेला होता, पण हिरवा होता. "मला उद्या लवकर जायचंय. दिवा घालवा."

कवळीकरांनी मुख्याध्यापकांचा साचा बंद केला, शिजायला लावला आणि दिवा घालवला.

सोमवारी मुख्याध्यापक नवी कवळी रुमालात गुंडाळून परत आले. डाव्या बाजूला काहीतरी टोचतंय, म्हणाले, आणि हसलो की हिरवं दिसतं, असं नातवंडं सांगतात.