माझ्या गळ्यातली पाटी

मी पुतळा बोलतोय. चौकात उभा असलेला, वर्षातून एकदा हार आणि बाकीचे दिवस कबुतरं सोसणारा, तो मी नव्हे. मी जाळायचा पुतळा. दोन बांबू आडवे-उभे बांधले, गवत आणि रद्दी कोंबली, वरून गोणपाट शिवलं, की झालो मी. आमच्यात बालपण वगैरे नसतं. जन्म, मिरवणूक आणि अंत्ययात्रा, सगळं एकाच दिवशी उरकतं.

तरी मी अजून मेलेलो नाही. मला एका मंडपवाल्यानं बांधलं. मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर आणि मी, आम्ही सगळे एकाच गोदामात राहतो आणि भाड्यानं जातो. काडी ओढायच्या आत पोलीस मला खेचून नेणार, हे त्याला ठाऊक असतं, मोर्चावाल्यांना ठाऊक असतं, पोलिसांना तर असतंच. फोटो निघाला की सगळ्यांचं काम झालं. मग मंडपवाला मला चौकीवरून परत आणतो आणि डोकं बदलतो. मी पाणीखात्याचा अधिकारी झालोय, बँकेचा अध्यक्ष झालोय, सत्तेतला झालोय, विरोधातलाही झालोय. शिव्या त्याच. देणारी तोंडंही बरीचशी तीच.

या खेपेला मला सल्लागार केलं.

सल्लागार म्हणजे सरकारच्या कानाशी बसणारा माणूस. स्वतः निवडून येत नाही, पण निवडून आलेल्यांनी काय करायचं ते सांगतो. कमी मुलांच्या शाळा बंद करा, मुलं मोठ्या शाळेत पाठवा, हा सल्ला त्याचा. त्यात मंडपवाल्याच्या वस्तीतली शाळा गेली. मोठी शाळा हमरस्त्याच्या पलीकडे. तिथून ट्रक असे जातात, की कुत्रंसुद्धा चार वेळा विचार करून रस्ता ओलांडतं. मंडपवाल्याची पुतणी पाचवीत होती. होती म्हणायचं, कारण आता ती घरी बसून आईबरोबर मंडपाच्या झालरी शिवते.

माझं डोकं शिवलं ते या पुतणीच्या आईनं, म्हणजे मंडपवाल्याच्या वहिनीनं. टाके असे ओढत होती, की मला वाटलं, आपल्याला जाळायची गरजच पडणार नाही.

पेंटर लाल रंगाचा डबा घेऊन आला. "पाटीवर काय लिहू?"

"चोर," मंडपवाला म्हणाला. "साचा आहे की गोदामात. मागच्या वेळचा."

वहिनीनं सुई थांबवली. "त्यानं काय चोरलं, भावोजी?"

"आता घ्या! पोरगी तुमची घरी बसली, आणि तुम्हीच त्याची बाजू घेताय?"

"बाजू? तो समोर असता तर ही सुई दाखवली असती त्याला, कुठल्या बाजूनं घुसते ते. पण चोर कशाला? तो शाळेत आला होता. पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि म्हणाला, शाळा बंद होईल, पण दारात बस येईल. बस आली नाही. विचारायला गेले, तर म्हणतो, ते मंत्रिसाहेबांच्या हातात आहे. हे लिहा."

"ताई, पाटी आहे ही. कादंबरी नाही," पेंटर म्हणाला.

"चोर लिहिलंत तर त्याला काढतील. तुम्ही टाळ्या वाजवून घरी जाल. मग बस मी कुणाकडे मागू? तुमच्या साच्याकडे?"

पेंटरनं साचा ठेवला, ब्रश फिरवला, आणि मी चोर झालो.

तेवढ्यात साहेब आले. हेच ते मंत्रिसाहेब. आता मंत्री नाहीत. खुर्ची गेली तशी पक्ष बदलला आणि आजच्या मोर्चाच्या पुढे चालणार होते. शाळा बंद करायच्या कागदावर सही यांची. बसचा खर्च रद्द करून "जनतेचा पैसा वाचवला" असं छाती फुगवून सांगितलं, तेही यांनीच. ते काही गुपित नाही. फोटोसकट पेपरात आलं होतं. तो पेपर रद्दी होऊन माझ्या डाव्या मांडीत आहे. गवताचा असून मला आठवतं; हाडामांसाच्या माणसांना आठवत नाही.

"साहेब, सही तुमची होती ना?" वहिनीनं तोंडावर विचारलं.

"बाई, आम्ही विश्वासानं सही केली. सल्लाच चुकीचा मिळाला."

"आणि बस?"

"बसचं नंतर बघू. आजचा दिवस भावनेचा आहे."

मोठ्या माणसांची ही एक सोय असते. सल्ला फळला की त्यांची दूरदृष्टी, फसला की सल्लागार. पिकलेल्या केसांना लोक वाकून नमस्कार करतात, म्हणून केस पिकवतात की काय कोण जाणे.

आणि सल्लागार? मी काही त्याचा वकील नाही. बस रद्द झाली तेव्हा त्यानं खुर्ची सोडायला हवी होती, निदान तोंड तरी उघडायला हवं होतं. हा शहाणा खुर्चीला गोचिडीसारखा चिकटून राहिला. पोरीची शाळा बुडाली त्यात त्याचाही हात आहे, चांगला कोपरापर्यंत. त्याला तेवढ्याबद्दल धरा. भित्रा म्हणा, घाबरट म्हणा. पण न केलेल्या चोरीबद्दल धरलंत, की केलेल्या पापातून तो सुटतो. साहेब तर आधीच सुटलेले.

जाता जाता साहेब उदार झाले. "पुतळा उघडा दिसतोय. गाडीत माझा जुना कोट आहे, तो घाला."

हिरवा, चौकटीचा कोट. त्यांच्या प्रत्येक पोस्टरवर असतो. वहिनीनं तो मला घातला आणि शिवायला बसली. काखेत, पाठीला, कॉलरला, दुहेरी टाके. मंडपवाला म्हणाला, "वहिनी, जळायचाय तो." ती म्हणाली, "असू दे. थंडी वाजेल."

मोर्चा निघाला. मला उंच धरलं होतं. घोषणा जोरात होत्या. मग फुटपाथवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर साहेबच वाटतोय!" हसू पसरायला वेळ लागत नाही. साहेबांनी वर बघितलं आणि चेहरा पडला. "काढा तो कोट!" निघतोय कुठला? स्वतःच पुढे आले, माझी कॉलर धरून ओढायला लागले. मी जागचा हललो नाही. साहेब स्वतःच्याच कोटाशी झोंबतायत, असा तो फोटो होता. मग पोलिसांनी मला खेचून नेलं. दोघांचीही सुटका झाली.

त्याच आठवड्यात सल्लागाराला काढलं. फटाके वाजले. साहेब म्हणाले, जनतेचा विजय झाला. शाळेचं कुलूप होतं तिथंच होतं.

मंडपवाल्याच्या आधी वहिनीच चौकीवर आली. पोरगी बरोबर.

"हा कशाला हवाय आता?" हवालदारानं विचारलं. "माणूस गेला की."

"माणूस गेला. काम राहिलंय."

मला खांद्यावर टाकून तिनं शाळेत आणलं आणि बंद दाराला टेकवून बसवलं. पाटी उलटी केली. पोरीनं कोळशानं लिहिलं, सावकाश, रेघेत, बाई बघतायत असं समजून: "हा बस येईल म्हणाला. साहेबांनी ती रद्द केली. हा गप्प राहिला." त्या दारात कित्येक महिन्यांनी कुणीतरी शुद्धलेखन केलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. कोट अंगावर आहे, टाके पक्के आहेत. येणारे-जाणारे थांबतात. सवयीनं दगड उचलतात. काही जण वाचतात आणि दगड हातातच राहतो. काही वाचत नाहीत, मारतात. बहुतेक वडीलधारेच.

मारा. जाळायचं तर खुशाल जाळा, गवताचं काय जातंय? पण आधी पाटी वाचा. आणि वाचायचा कंटाळा असेल, तर निदान माझ्या मागचं कुलूप बघा.