ओटीतला नारळ

नारळाच्या शेंडीला हळद अजून चिकटलेली होती... टेबलावर, फायलींना टेकून, तो गेल्या आठवड्यापासून तसाच बसून होता. मनालीने सहज उचलून कानाशी हलवला तेव्हा आत पाणी डुचमळलं. घरी न्यायचा राहूनच गेला. ओटीतला नारळ दुसऱ्याला द्यायचा नसतो, घरी फोडून गोड करायचं असतं, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? पण रोज निघताना हात नेमका दुसऱ्या पिशवीकडे जायचा आणि नारळ राहायचा.

आवडाबाईने भर बाजारात तिची ओटी भरली होती. कोपरीच्या स्टेशनलगतच्या मासळीबाजारातली सगळ्यात जुनी कोळीण ती. ती हलली की बाकीच्या हलणार, म्हणून बाजार नव्याने बांधण्यासाठी बायकांना राजी करायचं काम घेतलेल्या संस्थेने मनालीला महिनोन् महिने तिच्यासमोर पाटावर बसवलं होतं. जुना बाजार पाडून नवा बांधायचा, तोवर बायकांनी खाडीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं, मग परत आपापल्या जागी. लिहून घेता का मावशी, असं मनालीने विचारलं तर आवडाबाईने हात झटकला — "लिवायचं काय त्यात? पोरीची ओटी भरली, झाला." माहेरवाशीण माहेराला बुडवत नाही, एवढाच तिचा करार. आणि मनालीने ओढणी पसरली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. खरेच आले होते. नाटक असतं तर आज बरं वाटलं असतं.

कारण सकाळीच संस्थाप्रमुख सलीलने दारातूनच सांगितलं होतं, चहात साखर कमी आहे म्हणावं इतकं सहज — नकाशा बदललाय, तळमजल्यावर दुकानं आणि पार्किंग, मासळीचं नंतर बघू.

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर गं. उद्याचं शिफ्टिंग शांतपणे होऊन जाऊ दे. तू आहेस म्हणून मला टेन्शन नाही."

आणि दुपारी तिला नव्याने भरती झालेल्या मुलामुलींशी बोलायचं होतं. बाजारपेठेत लोकांबरोबर काम करायला अंगात कोणते गुण लागतात, असा विषय. बोलली. छानच बोलली, मेली. धीर हवा, म्हणाली. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा गुडघा धरलाय, हे लक्षात राहायला हवं. बोंबलाच्या वासाला नाक मुरडायचं नाही, चहा कितीही गोड असला तरी कपात ठेवायचा नाही. आणि ऐकता आलं पाहिजे, नुसतं ऐकत राहिलं ना, की माणूस आपोआप मऊ होतो... मऊ होतो. हे कोण बोललं? गुळाने मरतो त्याला विष कशाला, आजी म्हणायची, आणि म्हणताना हसायची. समोरची पोरं मान हलवत होती, एकीला तर गहिवरून आलं होतं. तरी मी थांबले नाही. ऐकणारी माणसं दिसली की मला थांबताच येत नाही — हाही एक गुणच म्हणायचा.

उन्हं कलली तेव्हा बाजाराच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा राहिला. पूजा केल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही, म्हणून ड्रायव्हर अडून बसला. सलीलने ऑफिसात येऊन इकडेतिकडे पाहिलं. "अरे, नारळ आहे की इथे. बाहेर कशाला पळायचं?"

तो ओटीतला आहे — एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्दांनी जीभ झडली नसती. मनालीने नारळ उचलला आणि देण्याआधी अंगठ्याने त्यावरची हळद पुसली. का पुसली? कुणी विचारलं असतं म्हणून... पण विचारणार कोण होतं तिथे? सलीलने तो जेसीबीच्या लोखंडी दातावर आपटला. पाणी दातांवरून ओघळून खालच्या धुळीत जिरलं आणि ड्रायव्हरने खोबऱ्याचा एक तुकडा प्रसाद म्हणून तिच्या हातावर ठेवला.

बाजाराच्या आतल्या टोकाला आवडाबाई सामान आवरत होती. तिथून जेसीबी दिसत नव्हता. जागा धुऊन तिने मासळीची पाटी पालथी घातली — पालथ्या पाटीच्या जागेवर दुसरी कुणी बसत नाही, ही इथली जुनी रीत — आणि पाटीवर थोपटलं, लेकराला निजवताना थोपटतात तसं.

"काय गो पोरी, नारल फोरलास का घरी?"

"हो मावशी. नारळीभात केला." क्षणाचाही वेळ गेला नाही. "आईने वेलची जरा जास्तच घातली."

वेलची! कुठून आली ही वेलची? मुठीत तो तुकडा चिकट झाला होता आणि आवडाबाई समाधानाने हसत होती.

"मंग उद्या शेडमदी मीच पयली जातंय. बाकीच्या येतील माझ्या मागशी. तू हायस ना."

जागा परत मिळेल ना, हे तिने विचारलं नाही. विचारणारच नव्हती. विचारलं असतं तर निदान खोटं बोलताना माझा आवाज अडखळला असता, असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी ती वेलची आठवत होती. सांगायचं तर आत्ताच. उद्या ही पाटी उचलली की झालं.

"मावशी..." मी म्हटलं.

तिने मान वर केली, आणि ओला हात लुगड्याला पुसून माझ्या गालावर ठेवला. पुढचं वाक्य कोणतं येणार आहे ते मला माहीत नव्हतं. पण माझ्या तोंडची ती 'मावशी' ऐकायला किती छान लागली होती — मऊ, घरच्यासारखी — आणि त्या आवाजाची मला पहिल्यांदाच भीती वाटली.